काखेतला हात

ब्राझिलियन ज्युजित्सूच्या नियमांत अंडरहुकला एकही गुण नाही. प्रतिस्पर्ध्याला उभ्याने खाली आणलं तर 2 गुण, तळातून उलटवून वर आलात तर 2, त्याच्या पायांचा अडसर ओलांडून बाजूला पोचलात तर 3, छातीवर मांड ठोकली किंवा पाठ मिळवून दोन्ही पाय आत रोवले तर 4. काखेखालून हात घातला म्हणून कुठलाही पंच बोट वर करत नाही. तरीही यातला कोणताही गुण कसा मिळाला याचा माग मागे मागे काढत गेलं, तर बहुतेक वेळा सुरुवातीला तोच हात सापडतो.

अंडरहुक म्हणजे समोरच्याच्या काखेखालून आपला हात घालायचा, तो त्याच्या पाठीमागे न्यायचा आणि पंजा खांद्याच्या फऱ्यावर बसवायचा. सांगायला एवढंच. पाहणाऱ्याला ती अर्धी मिठी वाटते, पण त्या हाताच्या आत बरंच काही चाललेलं असतं. पंजा फऱ्याला आपल्याकडे ओढतो. दंड काखेला वर ढकलतो. आपला खांदा त्याच्या छातीत रुततो आणि कपाळ त्याच्या जबड्याला लागून राहतं. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी हात नुसता तिथे लोंबकळतो, आणि लोंबकळणारा हात म्हणजे समोरच्याच्या हाती दिलेलं आयतं सावज. त्याबद्दल पुढे सांगतोच.

हा हात इतका परिणाम का करतो याचं उत्तर खांद्याच्या रचनेत आहे. आपला अख्खा हात धडाला हाडाने फक्त एका जागी जोडलेला असतो. हासळीचं हाड छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळतं, ती जागा. बाकी फरा बरगड्यांवर स्नायूंच्या भरवशावर सरकत असतो. म्हणून हात आपल्याला चारी दिशांना फिरवता येतो, आणि म्हणूनच कोपर बरगडीपासून सुटलं की त्याची ताकदही ओसरते. कोपर अंगाशी असताना पाठ, छाती आणि पोट मिळून हाताला बळ देतात. कोपर वर गेलं की एकटा खांदा उरतो.

दुसरी गोष्ट पाठीच्या रुंद स्नायूची. हा स्नायू कमरेपासून आणि मणक्यापासून निघतो तो थेट दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. त्यामुळे कोणी तुमचा दंड काखेतून वर उचलला की ताण कमरेपर्यंत पोचतो. एका बाजूचा खांदा वर जातो, त्याच बाजूची बरगडी उघडी पडते आणि अंगाचा भार दुसऱ्या पायावर सरकतो. रुतलेल्या धोंड्याच्या एका कडेखाली पहार घातली की अख्खा धोंडा हलतो, तसं हे आहे. तुम्ही धरलेला असतो खांदा, पण हलते ती कंबर. आणि कुस्तीत काय, ज्युजित्सूत काय, ज्याची कंबर दुसऱ्याच्या मर्जीने हलते त्याच्या बाकीच्या ताकदीला फारसा अर्थ उरत नाही.

पनवेलच्या मुलांना हे सांगताना मला नेहमी एक सोय वाटते. खारघर, कामोठे, नवीन पनवेल या पट्ट्यात आता मॅट अंथरून ज्युजित्सू आणि एमएमए शिकवणारे वर्ग आहेत. तिथे येणाऱ्यांत एक गट मोबाइलवर यूएफसीच्या लढती पाहून आलेला असतो, तर दुसऱ्या गटाने गावाकडच्या तालमीत अंगाला माती लावलेली असते, जत्रेच्या फडात नारळावर किंवा रोख इनामावर दोन-चार कुस्त्या मारलेल्या असतात. पहिल्या गटाला डावांची इंग्रजी नावं पाठ असतात, पण अंगाला अंग लागलं की तो बावचळतो. दुसऱ्याला नाव एकही माहीत नसतं, मात्र खडाखडी सुरू झाली की त्याचा हात आपसूक समोरच्याच्या काखेत जातो. त्याला कोणी अंडरहुक शिकवलेला नसतो. वस्तादाने ‘आतून हात घाल, कोपर चिकटव’ असं शेकडो वेळा ओरडून ते त्याच्या अंगात मुरवलेलं असतं.

या तालुक्याचं तालमीशी नातं जुनं आहे. शहरातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव दिलं आहे ते वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. जन्म 4 नोव्हेंबर 1845 चा. इंग्रजांविरुद्ध त्यांनी उभारलेलं बंड, 1879 मध्ये झालेली अटक आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात आलेला मृत्यू हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करत असताना हा माणूस लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जाऊन कुस्ती आणि हत्यारं शिकला, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. लहुजींसारख्या वस्तादांच्या तालमीत विद्या पुस्तकातून मिळत नसे. जोड लावली जाई, वस्ताद कडेला उभा राही, आणि चूक झाली की तो स्वतः हात धरून तो योग्य जागी ठेवी. काखेतला हात शिकायचा हाच रस्ता आहे, कारण त्यातलं निम्मं काम डोळ्यांना दिसतच नाही. समोरच्याचा भार कुठल्या पायावर गेला हे छातीला छाती लागल्यावर कळतं.

उभ्या झटापटीपासून सुरुवात करू. दोघं भिडले की साधारणपणे प्रत्येकाचा एक हात आत आणि एक बाहेर अशी बरोबरी होते. तुमचा उजवा हात त्याच्या काखेत, त्याचा उजवा तुमच्या काखेत. इथून सुरू होतो तो आतल्या जागेचा झगडा. बाहेरचा हात आत आणायचा तर त्याच्या दंडाच्या आणि बरगडीच्या मध्ये बोटं घुसवावी लागतात, मग मनगट, मग कोपर. तुम्ही एक हात आत घातला की तो दुसऱ्या बाजूला तेच करतो. दोघांचे हात एकसारखे आत-बाहेर फिरत राहतात, पावलं सरकत राहतात, डोकी इकडून तिकडे जातात. इंग्रजीत याला पमेलिंग म्हणतात आणि जगभरच्या कुस्ती केंद्रांत अंग तापवायला रोज तेच करून घेतात. कमरेखाली हात लावायला मनाई असलेल्या ग्रीको-रोमन कुस्तीत तर सगळा खेळच यावर उभा आहे.

नवखा इथे हात रेटून घुसवायला बघतो. रेटून हात जात नाही, कारण समोरचा कोपर आवळून बसलेला असतो. हात जातो तो त्याचं कोपर कुठल्यातरी कारणाने सुटल्यावर. त्याने तुमच्या मानेला हात घातला, की त्या बाजूची काख उघडी पडते. तुम्ही त्याचं मनगट खाली दाबलंत आणि त्याने ते सोडवायला झटका दिला, की क्षणभर कोपर वर येतं. त्याने पाऊल मागे घेतलं तरी खांदे थोडे ढिले होतात. त्या क्षणाला हात आत गेला पाहिजे, आणि गेला की लगेच आपली कंबर त्याच्या कमरेला भिडली पाहिजे. नुसता हात आत आणि ढुंगण दोन फूट मागे, असा पवित्रा मी फार पाहतो. त्यात खांदा उचलायला आधारच उरत नाही.

एकदा हात नीट बसला की तीन वाटा उघडतात आणि समोरच्याला तिन्ही एकदम अडवता येत नाहीत. खांदा उचलून त्याला दुसऱ्या पायावर टांगलं की मोकळा झालेला पाय उचलता येतो, म्हणजे एकेरी पट. तो भार परत आणण्यासाठी तुमच्यावर रेलला, तर त्याच हाताने त्याला गोल फिरवत खाली आणता येतं. आणि तो ताठ उभा राहिला तर त्याच्या उचललेल्या काखेखालून डोकं काढून मागे जाता येतं. हा आपला बगलडूब; मागे गेल्यावर कंबर धरली की कब्जा. लाल मातीतल्या पोराला यातलं काहीच नवं नसतं.

नवं असतं ते पुढे. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ संपला. चितपट. ढोल वाजतो, फेटा उडतो, जिंकलेला खांद्यावर बसतो. त्यामुळे पैलवानाच्या अंगात लहानपणापासून एकच गोष्ट भिनलेली असते: काहीही झालं तरी पाठ लागू द्यायची नाही. खाली गेलाच तर तो पोटावर वळतो, हातपाय पसरून माती धरून राहतो आणि वरचा दमेपर्यंत तग धरतो. मातीत हे शहाणपण आहे. ज्युजित्सूत मात्र पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं. वरचा मांड्यांच्या आतून पाय रोवतो, 4 गुण घेतो आणि गळ्यात हात घालून आवळतो. चांगले तयारीचे पैलवान सुरुवातीला वर्गात वारंवार असे सापडतात. ताकद, दम, समतोल सगळं त्यांच्याकडे जास्त असतं. फक्त अंग ज्या दिशेला वळायला शिकलेलं असतं, ती दिशा इथे धोक्याची असते.

हा फरक कुठून आला हे पाहण्यासाठी जपानमार्गे ब्राझीलला जावं लागतं. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची संस्था काढली. तिथे तयार झालेले मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करत 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, कार्लोसपासून ही विद्या त्यांच्या भावंडांत गेली. धाकटे एलियो अंगाने किरकोळ होते. जमिनीवर पडून, पायांनी समोरच्याला अडवत, संधी मिळताच सांधा किंवा गळा धरण्याचा भाग या घराण्याने वाढवला. उचलून आपटलं म्हणून लढत संपत नाही, प्रतिस्पर्ध्याने हार मान्य केली तरच संपते, हा त्यांच्या खेळाचा कणा झाला. साहजिकच पाठीवर पडणं ही हार न राहता एक बैठक झाली, जिथून झुंज पुढे चालू ठेवता येते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली आणि एलियोंचा मुलगा रॉयस याने आपल्याहून दांडग्या लढवय्यांना नमवून ती जिंकली. तेव्हापासून जगाने याकडे नीट पाहायला सुरुवात केली.

ज्युदोच्या त्या झाडाची एक फांदी आपल्याकडेही येऊन भिडली होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तिथे गादीवर लढावं लागलं. फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीईने नेलं, आणि हा इशीई मुळात ज्युदोतून कुस्तीकडे आलेला होता. खाशाबांसारखा चपळ, डावपेचांचा मल्ल मातीतून गादीवर गेला, इशीई ज्युदोतून गादीवर आला. नियम बदलले की आपल्या विद्येतलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं हा प्रश्न दोघांपुढेही होता. आज पनवेलच्या मॅटवर उभ्या असलेल्या तालमीतल्या मुलापुढेही तोच प्रश्न आहे, आणि मला वाटतं त्याच्या उत्तराची सुरुवात त्याच्याच काखेतल्या हातापासून होते. तो हात त्याच्याकडे आहेच. फक्त तो पाठीवर पडून वापरायला शिकायचं आहे.

हाफ गार्ड नावाच्या स्थितीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. खालचा पाठीवर किंवा कुशीवर आहे, वरच्याचा एक पाय त्याने आपल्या दोन्ही पायांत अडकवून धरला आहे. वरच्याला तो पाय सोडवून बाजूला जायचंय, खालच्याला वर यायचंय. एकेकाळी ही अर्धी हरलेली जागा समजली जायची. ब्राझीलचे रोबेर्तो कोरेया, ज्यांना सगळे गोर्दो म्हणून ओळखतात, त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली होती. नेहमीसारखा पूर्ण गार्ड, म्हणजे समोरच्याच्या कमरेभोवती दोन्ही पायांचा विळखा, धरता येईना म्हणून त्यांनी या जागेतून हल्ले शोधले, असं या खेळात सांगतात. आज हाफ गार्ड ही स्वतंत्र विद्याच झाली आहे, आणि तिचा पाया आहे खालच्याचा अंडरहुक.

नीट जवळून पाहू. वरच्याला दोन गोष्टी हव्यात. एक हात खालच्याच्या मानेखालून घालून खांद्याने त्याचा जबडा दाबायचा, म्हणजे तोंड पलीकडे वळतं. याला क्रॉसफेस म्हणतात. दुसरा हात त्याच्या काखेत, म्हणजे वरच्याचा अंडरहुक. हे दोन्ही मिळाले की खालच्याचे दोन्ही खांदे मॅटला चिकटतात. तोंड एका बाजूला वळलेलं, काख उचललेली; अशा स्थितीत कंबर कितीही मजबूत असली तरी कुशीवर वळता येत नाही. मग वरचा घाई करत नाही. श्वास सोडत भार टाकतो, खालच्याची दमछाक होऊ देतो आणि गुडघा हळूहळू पायांच्या कात्रीतून बाहेर सरकवतो.

आता खालच्याच्या बाजूने. त्याची पहिली लढाई सपाट न होण्याची. वरचा येतोय असं दिसताच तो कुशीवर राहतो, गुडघा मध्ये घालतो, एका हाताने क्रॉसफेसचा दंड अडवतो. वरचा त्या अडथळ्याशी झगडताना त्याच्या अंगापासून कोपर जरा सुटलं की खालच्याचा हात बरगडी घासत काखेत शिरतो. बरगडी घासत हे महत्त्वाचं. हवेतून फिरवून घातलेला हात वाटेत पकडला जातो. पंजा पाठीवर पोचला की डोकं वरच्याच्या छातीखाली लपवायचं, कान त्याच्या बरगड्यांना लावायचा. आता क्रॉसफेसला चेहरा सापडत नाही. मग खालच्या कोपरावर उठायचं, कोपरावरून तळहातावर, तळहातावरून गुडघ्यावर. अंडरहुकचा हात त्याला वर ओढत असतो आणि त्याच वेळी वरच्याला पुढे ढकलत असतो. दोन-तीन सेकंदांत चित्र पालटतं. मघाशी खाली असलेला आता गुडघ्यांवर आहे, वरच्याचा पाय अजून त्याच्या पायांत आहे आणि हात पाठीवर. इथून तो मागे जाऊन पाठ घेऊ शकतो किंवा दुसरा पाय धरून त्याला लोळवू शकतो.

पैलवानाने हे पाहिलं की तो ओळखतो. गुडघ्यांवर आल्यानंतरचं सगळं त्याच्या ओळखीचं आहे. अनोळखी आहे ती फक्त पहिली पायरी, म्हणजे पाठीवर असताना न घाबरता, पोटावर न वळता, समोरच्याकडे तोंड करून कुशीवर राहणं. काखेतला हात ज्याला येतो त्याला तिथून उठायची वाट मिळते, आणि वाट दिसली की भीती जाते. म्हणून तालमीतून आलेल्या मुलांना हाफ गार्ड आधी शिकवावा असं माझं ठाम मत आहे. अनेक ठिकाणी त्यांना सुरुवातीलाच पूर्ण गार्डातले आर्मबार, ट्रँगल हे सांधा-गळ्याचे डाव शिकवतात. त्यात त्यांच्या जुन्या कमाईचा काही उपयोगच होत नाही.

बसून खेळल्या जाणाऱ्या बटरफ्लाय गार्डचंही असंच. दोन्ही पावलं समोरच्याच्या मांड्यांच्या आत, एक हात काखेत, कपाळ त्याच्या छातीला. ब्राझीलच्या मार्सेलो गार्सियाने 77 किलो गटात अबुधाबीच्या एडीसीसी या मानाच्या स्पर्धेची चार विजेतेपदं मिळवली. त्याचा खेळ पाहिला तर आपल्याहून कितीतरी जड माणसाला तो उचलून फेकतो असं वाटतं. खरं तर तो समोरच्याचा खांदा काखेतून उचलून धरतो, त्या बाजूचा टेकू काढून घेतो आणि मग पावलाने फक्त मांडी उचलतो. टेकायला हात नसलेला माणूस त्या बाजूला पडणारच.

हात वरच्याकडे असला तर त्याचं काम वेगळं. बाजूने दाबून धरताना पलीकडच्या काखेत गेलेला हात खालच्याला वळू देत नाही. गुडघा तिरका सारून पायांतून पार होतानाही तोच हात लागतो. तो नसेल तर खालचा वळून तुमच्याच काखेत शिरतो आणि तुमचाच डाव तुमच्यावर उलटतो. पाठीवर स्वार झाल्यावरही एक हात खांद्यावरून आणि दुसरा काखेखालून घेऊन छातीवर दोन्ही जुळवतात. वरचा हात गळा आवळतो, पण प्रतिस्पर्ध्याला सरकून निसटू न देण्याचं काम काखेतला करतो.

आता त्याचे धोके. काखेत हात घातला म्हणजे तो हात तुम्ही समोरच्याच्या अंगाशी नेऊन दिलाच आहे. त्याने वरून आपला दंड त्याभोवती आवळला तर व्हिझर होतो. तो तुमचा खांदा खाली दाबतो आणि स्वतःची पाठ तुमच्यापासून दूर ठेवतो. तुमचं कोपर अंगापासून लांब गेलेलं असेल, तर तो मनगट धरून हात पाठीमागे पिळतो. 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुराने याच पिळाने एलियो ग्रेसीला हरवलं. त्यानंतर त्या पकडीला किमुराचंच नाव पडलं. हाफ गार्डातून उठताना डोकं खाली राहिलं तर वरचा काखेतल्या हातासकट गळ्याभोवती दोन्ही हात गुंफून डार्स नावाचा फास लावतो. म्हणजे तुमचाच दंड तुमच्या गळ्यावर दाबला जातो.

आपल्याकडच्या मल्लांना गळ्याचा धोका जास्त, कारण कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे. पट काढताना डोकं कुठे जातं याची त्यांना काळजी करावी लागत नाही. कुस्तीतून आलेला आपला भरत खंडारे यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला चीनच्या साँग यादोंगविरुद्ध तो पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून गळ्याला घातलेल्या फासात हरला. त्या रात्रीची लढत मी मातीतून आलेल्या प्रत्येक मुलाला पाहायला सांगतो. हात काखेत असो वा पायाला, डोकं वर आणि समोरच्याच्या अंगाला चिकटलेलं हवं, ही सवय त्यांना नव्याने लावून घ्यावी लागते.

अंगावर जाड सुती गी असेल तर या झगड्याचा रंग थोडा बदलतो. गळपट्टी आणि बाही धरून लांबूनच अडवता येतं, त्यामुळे काखेपर्यंत पोचायला वेळ लागतो. पोचल्यावर मात्र हात घसरत नाही, पाठीवरचं कापड किंवा पट्टा धरला की तो तिथेच राहतो. गीविना खेळताना, विशेषतः आपल्या किनाऱ्यावरच्या घामट हवेत, मनगट आणि मान दोन्ही निसटतात. काखेतला हात निसटत नाही, कारण तो बोटांवर अवलंबून नसतो. आपल्या मातीतल्या कुस्तीत अंगावर लंगोटाखेरीज धरायला काही नसतं, म्हणून तिथे हा हात इतका मुरलेला आहे. एप्रिल-मे महिन्यात पनवेलच्या पत्र्याच्या छपराखाली गीविना सराव केलात की हे वेगळं सांगावं लागत नाही.

सराव कसा करायचा, तर आधी रोज अंग तापवताना पमेलिंग, सावकाश, निम्म्या ताकदीने, डोळे मिटूनही. डोळे मिटले की समोरच्याचं कोपर कधी सुटतं ते छातीला कळू लागतं. त्यानंतर उभ्याने लढत लावायची, पण पाडायचं नाही. ज्याला दोन्ही हात काखेत मिळाले तो जिंकला. मग हाफ गार्डमधून. एकदा हात आधीच खालच्याला देऊन सुरू करायचं, वरच्याने तो काढून दाखवायचा. एकदा वरच्याला देऊन, खालच्याने तो परत मिळवायचा. जोडीत वजनाचा फरक असला तर आणखी चांगलं, फक्त जड माणसाने भार टाकताना बेताने टाकावा. खांद्याचा सांधा जितका मोकळा तितकाच नाजूक असतो, आणि पिळलेला खांदा महिनोन्महिने बरा होत नाही. कोपर अंगापासून सुटून मागे जायला लागलं की दुखायची वाट न पाहता लगेच थाप मारून सोडवून घ्यावं आणि पुन्हा त्याच जागेपासून सुरू करावं. ज्या बाजूचा हात कच्चा असेल त्या बाजूने जास्त फेऱ्या घ्याव्यात. उजव्या हाताने सगळं जमणारे बहुतेक जण डाव्या काखेत अडतात, आणि चांगला वस्ताद जोड लावताना नेमकं तेच हेरतो.